डोक्यातला देग्रांज

चढ लागला की डोक्यात एक आवाज सुरू होतो. हौसेने सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्या ओळखीचा निघेल. माझ्या डोक्यातला आवाज अस्सल पुणेरी आहे. 'झेपत नाही तर निघायचं कशाला?' 'ती बघ, मागून आली आणि पुढे गेलीसुद्धा.' 'उतरलीस? मग घाट चढले म्हणून सांगत फिरू नकोस.' घाट संपला तरी तो गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा गजर होतो, तेव्हा तो माझ्याआधी जागा झालेला असतो. 'जाऊन तरी काय दिवे लावणार आहेस?'

या आवाजावर आपल्याला सहसा दोन औषधं सांगितली जातात. पहिलं म्हणजे त्याच्याहून मोठ्याने ओरडणारा दुसरा आवाज. रील्समध्ये तो भरपूर मिळतो, ढोलाच्या ठेक्यासकट. दुसरं म्हणजे दुर्लक्ष करा. पहिल्या औषधाचा असर मला साधारण पहिल्या चढापर्यंत टिकतो. दुसरं मला कधी जमलंच नाही.

मला उपयोगी पडली ती तिसरीच गोष्ट. मी त्या आवाजाचा पत्ता शोधला.

झालं असं की गेल्या वर्षी नोकरी गेली आणि त्यानंतर पाच महिने माझी सायकल जिन्याखाली धूळ खात उभी होती. विकावी असं मनात होतं, विक्रीसाठी फोटोही काढून झाले होते. अंथरुणातून उठायचंच जिवावर येत होतं, तिथे सिंहगड कुठला! पण झोपून वाचता येतं. म्हणून मी सायकलीच्या इतिहासाबद्दल मिळेल ते वाचत सुटले. आणि शंभरेक वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये मला माझ्याच डोक्यातली वाक्यं भेटली. फक्त ती फ्रेंचमध्ये होती आणि बोलणाऱ्याला नाव होतं.

गिअर म्हणजे म्हातारपण

आँरी देग्रांज. जन्म १८६५. मूळचा वकिलीच्या कचेरीतला माणूस, पुढे सायकलपटू. ११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या ब्युफालो ट्रॅकवर त्याने एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापलं. अधिकृतपणे नोंदला गेलेला तो पहिला 'तासाचा विक्रम'. पुढच्याच वर्षी त्याचं एक पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ 'डोकं आणि पाय'. एका तरुण शर्यतपटूला अनुभवी माणसाने लिहिलेल्या पत्रांचं ते पुस्तक : काय खायचं, कसं झोपायचं, कशाचा मोह टाळायचा, सगळी कडक शिस्त. म्हणजे डोक्यात बसून सूचना देणारा गुरू या माणसाने आधी कागदावर उतरवला होता.

१९०० मध्ये तो एका नव्या क्रीडा दैनिकाचा संपादक झाला. 'लोतो' या नावाने ते पुढे गाजलं. पिवळ्या कागदावर छापलेलं, आणि प्रतिस्पर्धी दैनिकापुढे चाचपडणारं. खप वाढवायला काहीतरी भव्य हवं होतं. जिओ लफेव्र नावाच्या तरुण बातमीदाराने सुचवलं, अख्ख्या फ्रान्सला प्रदक्षिणा घालणारी शर्यत भरवू. १ जुलै १९०३ रोजी पहिली तूर द फ्रान्स सुरू झाली. सहा टप्पे, सुमारे २,४०० किलोमीटर. काही टप्पे चारशे किलोमीटरच्याही पुढचे, त्यामुळे रात्रभर सायकल चालवणं आलंच. ६० जण निघाले, २१ जण शेवटपर्यंत पोचले. 'लोतो'चा खप दुपटीहून अधिक झाला आणि पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी दैनिक बंद पडलं.

इथे जरा थांबू. शर्यत आवडणं यात वावगं काहीच नाही. जुलै महिन्यात मीही मोबाइलला चिकटून बसते. पण या शर्यतीचं अर्थकारण बघा. जितकी माणसं मोडून पडतील, तितकी बातमी मोठी. ज्या शर्यतीत एकच माणूस शेवटपर्यंत टिकेल ती आदर्श शर्यत, असं एक मत देग्रांजच्या नावावर सांगितलं जातं. मग यंत्राने माणसाचं काम हलकं करणं त्याला कसं खपावं? त्या काळात गिअर बदलता येणाऱ्या सायकली येऊ लागल्या होत्या. १९०२ मध्ये देग्रांजने त्यांच्याबद्दल लिहिलं. थोडक्यात सांगायचं तर : असले गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, खरा विजय स्नायूंच्या बळावर मिळवायचा, आपण सगळे मऊ पडत चाललो आहोत.

'मऊ पडत चाललो आहोत' हे वाचलं आणि मी उठून बसले. हलका गिअर टाकताना अंगठा बटणावर जातो, त्या क्षणी माझ्या डोक्यात जे उमटतं ते हेच. 'इतक्यात? अजून तर चढ सुरूच झाला नाही.'

आता यातलं गणित बघा. माझ्या सायकलीवर सगळ्यात जड गिअरमध्ये पायडलचा एक फेरा म्हणजे साधारण साडेनऊ मीटर. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये तोच फेरा जेमतेम सव्वादोन मीटर. चढ तेवढाच, वजन तेवढंच. हलक्या गिअरमध्ये काम कमी होत नाही, ते छोट्या छोट्या तुकड्यांत वाटलं जातं. एवढ्या साध्या गोष्टीला नामर्दपणा म्हणायचं, ही समजूत कुणीतरी घडवलेली आहे. तूर द फ्रान्समध्ये गिअर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये, देग्रांजने सूत्रं खाली ठेवल्यावर. म्हणजे चौतीस वर्षं जगातली सगळ्यात मोठी शर्यत साऱ्यांना हेच शिकवत होती की सोपं करणं म्हणजे हरणं.

आणि चढावर उतरणं? १९१० मध्ये शर्यत पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच खिंडींतून गेली. त्यातली तूर्माले २,११५ मीटर उंच. तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता, दगडमातीची वाट होती. ओक्ताव्ह लापिझ ती काही अंतर सायकल हाताने ढकलत चढला. पुढच्या ओबिस्क खिंडीत तर तो आयोजकांवर 'खुनी आहात तुम्ही' म्हणून ओरडला. ग्युस्ताव्ह गारिगू मात्र तूर्मालेवर एकदाही न उतरता चढला. त्याला त्याबद्दल शंभर फ्रँकचं खास बक्षीस मिळालं. पण तो टप्पा जिंकला लापिझने, आणि त्या वर्षीची तूरही त्यानेच जिंकली. सायकल ढकलणाऱ्याने. हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर कात्रजच्या जुन्या घाटात गाड्या बघतील म्हणून फोन आल्याचं नाटक करत उभं राहावं लागलं नसतं.

सँतेतियेनचा शेजारी

त्याच फ्रान्समध्ये, त्याच काळात, दुसरा एक माणूस होता. पोल द व्हिव्ही. जन्म १८५३. सँतेतियेन गावात रेशमाचा व्यापार करायचा. सायकलीच्या नादाने तो सोडला, सायकलींचं दुकान काढलं आणि १८८७ मध्ये एक मासिक सुरू केलं. त्यात तो 'व्हेलोसियो' या टोपणनावाने लिहायचा. शाकाहारी होता, एस्पेरांतो भाषेचा पुरस्कर्ता होता आणि गावाबाहेरच्या घाटात सतत काहीतरी प्रयोग करत असायचा. त्याची एक गोष्ट सायकलवाले अजून सांगतात. तो धापा टाकत घाट चढत होता, तेवढ्यात पाइप ओढत एक तरुण वाचक आरामात त्याच्या पुढे निघून गेला. व्हेलोसियोला प्रश्न पडला तो यंत्राबद्दल. वेगवेगळ्या उतारचढावांना एकच गिअर कसा पुरेल? पुढची कित्येक वर्षं तो या प्रश्नामागे लागला. बदलत्या गिअरच्या प्रसारात त्याचा वाटा फार मोठा आहे.

मला या गोष्टीत आवडतं ते हे. कुणीतरी मागे टाकून गेलं, तेव्हा त्याने 'मी कमी पडलो' असं म्हटलं नाही. 'माझा गिअर चुकीचा आहे' असं म्हटलं. प्रसंग तोच, पण एका वाक्याने माणूस घरी बसतो आणि दुसऱ्याने कामाला लागतो.

व्हेलोसियो काही लेचापेचा नव्हता. रात्रभर सायकल चालवून तो मित्रांसोबत दक्षिणेला प्रोव्हान्सपर्यंत जायचा. पण त्याने हौशी सायकलस्वारांसाठी जे सात नियम सांगितले, त्यांत 'जोर लाव' असं एकदाही म्हटलेलं नाही. उलट सुरुवातीच्या तासांत तर मुळीच जोर लावू नका म्हणून सांगितलंय. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या. जेवण जाणार नाही आणि झोप लागणार नाही इतके कधीही दमू नका. आणि शेवटचा नियम : मानापमानासाठी पायडल मारू नका.

यातला खाण्याचा नियम मला आधी आजीच्या सल्ल्यासारखा वाटला होता. मग कळलं की तो मनाबद्दलचाही नियम आहे. जोरात सायकल चालवली की दीड-दोन तासांत शरीरात साठवलेली साखर बरीचशी संपते. मेंदूचं इंधनही मुख्यतः तेच. सायकलवाल्यांच्या भाषेत 'बाँक' झाला की पाय जातात तसं मनही जातं. जग उदास दिसायला लागतं, आपण कुणाच्याच कामाचे नाही असं वाटतं, रडू येतं. तो निराशेचा साक्षात्कार नसतो, ती भूक असते. आता तिसऱ्या तासाला आवाज सुरू झाला की मी त्याच्याशी वाद घालत नाही. राजगिऱ्याचा लाडू खाते आणि पंधरा मिनिटांनी विचारते, हां, काय म्हणत होतास? बहुतेक वेळा तो विसरलेला असतो.

लोक बघतायत

माझ्या डोक्यातल्या आवाजाला एक आणखी पट्टी आहे, ती देग्रांजकडून आलेली नाही. 'या कपड्यांत? या वयात? एकटी?' ही पट्टी ओळखायला मला अमेरिकेत जावं लागलं.

फ्रान्सेस विलर्ड ही अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीची मोठी नेती. मताधिकारासाठीही झटणारी. १८९२ मध्ये तिची आई गेली, तीही कामाच्या ओझ्याने खचली होती. अशा वेळी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये एका मैत्रिणीकडे राहत असताना तिने सायकल शिकायला घेतली. सायकलीचं नाव ठेवलं ग्लॅडिस. १८९५ मध्ये त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. पायडल मारणं, वळणं, उतरणं आणि चढणं, या क्रमाने शिकायला तिला तीन महिने लागले. रोज सरासरी पंधरा मिनिटं. तिचा निष्कर्ष असा की तोल जातो तो चाकापेक्षा इराद्याचा जास्त, आणि इरादा डळमळतो तो बघणाऱ्यांच्या नजरेने.

तो काळही तसाच होता. सायकल चालवणाऱ्या बायकांचे चेहरे ताणाने कायमचे बिघडतात, अशा छापाचं गंभीर लेखन डॉक्टर मंडळी करत होती. त्याला 'सायकलचेहरा' असं नावही मिळालं होतं. विलर्डने त्याच पुस्तकात स्वतःच्या मुलीपणाबद्दलही सांगितलंय. गावाकडे मोकळी हुंदडणारी पोर सोळाव्या वाढदिवसाला लांब झग्यात अडकली आणि तिचं धावणं संपलं.

हे मी आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला येते की सायकल." मी बघतच राहिले. माहेरी, बाबांच्या म्हणजे माझ्या आजोबांच्या मोठ्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून ती हाफ पायडल मारायची. गावातल्या दुकानातून तासाच्या भाड्यानेही आणायची. "मग सोडली कधी?" तर म्हणे, "शहाणी झाले तेव्हा." मग भाजी घेऊन ओट्याकडे गेली.

माझा आवाज मला एकटीलाच ऐकू येतो असं मी समजत होते. आईला तो बाहेरून ऐकू आला होता, घरातल्या माणसांच्या तोंडून, एकदाच, आणि तेवढा पुरला.

बाबांचं वेगळं. ते सोळा वर्षं काळ्या जड सायकलवरून कारखान्यात जात होते, कॅरियरला डबा लावून. त्यांना मी विचारलं, कंटाळा यायचा तेव्हा मनाला काय सांगायचात? त्यांना प्रश्नच कळला नाही. "पाळी सातची असायची," म्हणाले. स्कूटर घेतली त्याच आठवड्यात त्यांनी सायकल विकली, आनंदाने. त्यामुळे जुन्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. एवढंच दिसतं की पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या त्या हजारो माणसांना कुणी सायकलपटू म्हटलं नाही, म्हणून सायकलपटू म्हणून नापासही केलं नाही. तो मान आमच्या वाट्याला आला. घड्याळ, ॲप, प्रत्येक चढाची क्रमवारी. देग्रांजला अख्ख्या देशात वर्तमानपत्र पोचवावं लागत होतं. आता तो मनगटावर बसतो.

बरं, सगळं त्याच्या माथी मारणंही बरोबर नाही. 'कितवा नंबर आला?' हे विचारायला आपल्याला फ्रेंच माणसाची गरज कधी लागली नव्हती. दहावीच्या टक्क्यांनी तयार केलेल्या जमिनीत त्याचं बी छान रुजलं, इतकंच.

निघालेले आणि पोचलेले

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतल्या तिघांनी, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी, ७० हजारांहून जास्त किलोमीटर करून १९२८ मध्ये मुंबई गाठली. उरलेल्या तिघांपैकी एक तेहरानहून परत फिरला, एक अमेरिकेतच राहिला, आणि एक तिथून घरी परतला. आठवण तिघांची राहते, ते साहजिकच आहे. पण मला त्या पाच महिन्यांत तेहरानहून फिरलेल्या माणसाचा फार विचार यायचा. मुंबईहून तेहरानपर्यंत सायकलने, १९२३ मध्ये! कुठल्याही हिशेबाने हे अफाट आहे. फक्त एका हिशेबाने ते अपुरं ठरतं, आणि आपण नेमका तोच हिशेब लावतो.

दुसरा हिशेब लावणारी माणसंही होती. जून १८९७ मध्ये इटलीत काही हौशी सायकलस्वार एका दिवसात रोमहून नेपल्सला गेले, सुमारे २३० किलोमीटर. शर्यत नव्हती, पोचायचं होतं. त्यांना 'ऑडॅक्स' म्हणजे धाडसी म्हटलं गेलं. गंमत अशी की ही कल्पना १९०४ मध्ये फ्रान्सला आणली ती खुद्द देग्रांजने. माणसं इतकी सरळ नसतात. त्याच्या पद्धतीत सगळ्यांनी कप्तानामागे ठरलेल्या वेगाने जायचं. १९२१ मध्ये पॅरिसच्या एका क्लबचं त्याच्याशी बिनसलं आणि त्यांनी आपली वेगळी राइड सुरू केली. वेळेची मर्यादा तेवढी पाळा, त्यात ज्याने त्याने आपापल्या चालीने यावं. आज जिला 'ब्रेव्हे' म्हणतात ती ही. पुण्या-मुंबईत, नागपुरात, नाशकात जवळपास बारा महिने त्या होत असतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. थांबणं, जेवणं, पंक्चर काढणं, रडणं, सगळं त्यात धरून.

मी सायकल विकली नाही. विलर्डबाईंच्या हिशेबाने सुरू केली, रोज पंधरा मिनिटं. घराभोवती तीन फेऱ्या, बस्स. पंधरा मिनिटांवर टोमणा मारायला आवाजालाही लाज वाटते. हळूहळू पंधराची चाळीस झाली. नोकरी मिळाली ती त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. सायकलमुळे मिळाली असं मी म्हणणार नाही. पण मुलाखतीत एका प्रश्नावर अडले, तेव्हा 'संपलं' असं मनात येण्याआधी 'गिअर बदल' असं आलं, हे खरं.

या जानेवारीत पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने जाऊन परत येणारी २०० ची ब्रेव्हे केली. खंबाटकीत दोनदा उतरले, लापिझसारखी. आवाज होताच. तो जात नाही, आणि तो जावा अशी माझी आता अपेक्षाही नाही. फक्त तो बोलायला लागला की मला पिवळा कागद दिसतो, खपाचे आकडे दिसतात, आणि मिशीवाला एक संपादक दिसतो ज्याला माझं नावही माहीत नाही. त्याचं ऐकून घेते आणि अंगठ्याने हलका गिअर टाकते.

तेरा तास बारा मिनिटं लागली. अठरा मिनिटं शिल्लक. बहुतेक सगळे माझ्या आधी पोचून, जेवून घरी गेले होते. पण ब्रेव्हेमध्ये पहिला-दुसरा नंबर नसतो, आणि पोचलेल्यांची नावं परंपरेने वर्णानुक्रमे लावतात. म्हणजे शेवटच्या मिनिटाला आलेला माणूससुद्धा यादीत सगळ्यात वर असू शकतो. आडनाव तेवढं 'अ'वरून सुरू व्हायला हवं.